लाला दीनदयाळ : कचेरीतील मेजापासून स्टुडिओपर्यंत

खिशातून यंत्र काढावे, बोट दाबावे आणि पापणी लवते न लवते तोच चित्र तयार व्हावे, ही सोय आज शाळकरी मुलासही झाली आहे. त्यामुळे छायाचित्रे काढणे हा कोणाचा जन्माचा धंदा असू शकतो, त्या धंद्यापायी मनुष्य कायमची सरकारी नोकरी सोडतो आणि पुढे तोच धंदा त्याला ‘राजा’ हा किताब मिळवून देतो, ही हकीकत ऐकणाऱ्यास थोडी दंतकथेसारखी वाटेल. तथापि ती दंतकथा नाही. लाला दीनदयाळ यांचे कर्तृत्व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून त्यांच्या हजारो काचा आजही दिल्लीत जपून ठेवलेल्या आहेत. त्या चित्रांची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. परंतु चांगले चित्र काढता येणे ही एक गोष्ट आणि त्यावर घर, कारखाना व नोकरचाकर चालविणे ही दुसरी गोष्ट. पहिली ज्यांना साधली असे अनेक लोक त्या काळी होते. दुसरी साधलेले थोडे. दीनदयाळांना ती कशी साधली हे पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळील सरधना या गावी झाला. बेगम समरूची जहागीर म्हणून हे गाव इतिहासात प्रसिद्ध आहे. घराणे जैन, व्यवसाय जवाहिऱ्याचा. मुलाने मात्र पेढीवर न बसता इंजिनिअरिंगची वाट धरली. गंगेच्या कालव्याच्या कामासाठी माणसे तयार व्हावीत या हेतूने रुडकी येथे १८४७ साली एक कॉलेज निघाले होते. पुढे त्यास टॉमसन साहेबांचे नाव मिळाले. या कॉलेजातील शिक्षण १८६६ साली पुरे करून दीनदयाळ इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि हळूहळू हेड एस्टिमेटर व ड्राफ्ट्समन या हुद्द्यापर्यंत चढले.

एस्टिमेटर म्हणजे अंदाजपत्रक करणारा. अमुक पूल बांधावयाचा तर दगड किती, चुना किती, मजूर किती, दिवस किती आणि रुपये किती, हे काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर मांडून दाखविणे हा त्याचा धर्म. ड्राफ्ट्समन म्हणजे इमारत कोणत्या बाजूने पाहिली असता तिची ठेवण उत्तम कळते हे जाणणारा. या दोन्ही कामांत रसिकतेचा विशेष प्रश्न येत नाही, म्हणून चरित्रकार ती दोन ओळींत संपवून पुढे जातात. हे बरोबर नाही. दीनदयाळांच्या पुढच्या यशाची निम्मी सामग्री या आठ वर्षांच्या रूक्ष कारकुनीत गोळा झाली होती.

छायाचित्रकला त्या वेळी हिंदुस्थानात अगदीच नवखी नव्हती. फ्रान्समध्ये १८३९ साली दागेर यांची कृती जाहीर झाली आणि वर्षभरातच तिचे साहित्य कलकत्त्यास येऊन पोहोचले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतील एक प्रमुख एतद्देशीय सभासद. त्यांची चित्रे त्या काळच्या जाणकारांनी नावाजली होती. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत स्टुडिओ काढून या कलेचा धंदाही केला. तरीसुद्धा एकंदर स्थिती अशी होती की, एका बाजूस हौशी लोक, म्हणजे लष्करी अधिकारी, डॉक्टर, सधन गृहस्थ. आणि दुसऱ्या बाजूस युरोपियन कंपन्या. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज १८६३ साली हिंदुस्थानात आला, हमालांचा तांडा घेऊन हिमालयात हिंडला, आणि बोर्न अँड शेफर्ड या नावाने त्याने उभारलेली पेढी कलकत्त्यात थेट २०१६ सालापर्यंत चालू होती. राजेरजवाडे व साहेबलोक यांची कामे साहजिकच अशा पेढ्यांकडे जात. इंदूरच्या कचेरीतील एका हिंदी नोकराने त्यांच्या पंक्तीस जाऊन बसावे, असा तो काळ नव्हता.

हौशी माणसे पुष्कळ आणि धंदेवाईक थोडे असे का होते, हे कळण्यास त्या वेळची कृती समजून घेतली पाहिजे. इंग्लंडातील आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा सर्वत्र रूढ होती. गनकॉटन नावाचा आम्लात भिजवून तयार केलेला कापूस ईथर आणि मद्यार्क यांत विरघळविला म्हणजे कलोडियन नावाचा मधासारखा दाट द्रव होतो. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळावयाचे आणि तो द्रव स्वच्छ काचेवर असा ओतावयाचा की चारी कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरेल आणि एक थेंबही खाली सांडणार नाही. ही एक हातचलाखीच होती. कित्येकांना ती जन्मभर जमली नाही. नंतर अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात तीनचार मिनिटे बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, चित्र घ्यावयाचे, आणि लागलीच पुन्हा अंधारात नेऊन तिच्यावर लोहक्षाराचे पाणी ओतून चित्र उमटवावयाचे. एवढे सर्व काच वाळण्यापूर्वी, म्हणजे सुमारे दहा मिनिटांत उरकले पाहिजे. काच वाळली की तिची प्रकाश ग्रहण करण्याची शक्ती गेलीच. हे दहा मिनिटांचे माप विलायतेच्या थंड हवेतले. माळव्यातील वैशाखात ईथर बाटली उघडताच उडू लागते, तेथे पाच मिनिटे मिळाली तरी पुष्कळ.

याचा अर्थ असा की, छायाचित्रकार जेथे जाईल तेथे त्याची अंधारकोठडीही त्याच्याबरोबर गेली पाहिजे. काळा तंबू, काचांच्या जड पेट्या, औषधांच्या बाटल्या, तिवई, कॅमेरा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वच्छ पाणी. एका ओसाड देवळाचे चित्र घेण्यासाठी बैलगाडीभर सामान आणि चारसहा माणसे लागत. चित्र मोठे करण्याची सोय व्यवहारात नव्हती, म्हणून जेवढे चित्र हवे तेवढीच मोठी काच घ्यावी लागे. ती काच शेवटी रुपेरी क्षाराच्या कागदावर दाबून उन्हात ठेवली म्हणजे प्रत निघे. या कागदावर अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप असे, आणि जर्मनीतील ड्रेस्डेन शहर अशा कागदाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. जैन घराण्यातील गृहस्थाचा व्यापार अंड्याच्या बलकावर चालावा, हा काळाचा एक विनोदच म्हणावयाचा!

आता हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे अंदाजपत्रकाचे महत्त्व कळते. दहा काचा नेल्या आणि आठ फुटल्या तर मोहीम बुडाली. औषध मुंबईहून वेळेवर आले नाही तर महाराज दरबारी पोशाख करून बसले आहेत आणि छायाचित्रकार हात चोळीत उभा, असा प्रसंग. हौशी मनुष्यास हे नुकसान सोसते. धंदेवाइकास सोसत नाही. किती सामान, किती माणसे, किती दिवस, किती खर्च, हा हिशेब ज्यास आधी मांडता येतो त्याचीच चित्रे वेळेवर आणि ठरल्या किंमतीत हाती पडतात. दीनदयाळ हे गणित कॅमेरा हातात धरण्यापूर्वी आठ वर्षे करीत आले होते.

कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो १८७४ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी. इंदूर हे ठिकाण या कामास विलक्षण अनुकूल होते. होळकरांची राजधानी तेथे होतीच. शिवाय मध्य हिंदुस्थानातील लहानमोठ्या संस्थानांवर देखरेख करणारा गव्हर्नर जनरलचा एजंट तेथेच राहत असे. ग्वाल्हेर, भोपाळ, रीवा, ओरछा, सर्व दरबारांचे धागे या एजंटाच्या बंगल्यापाशी येऊन मिळत. त्या वेळी सर हेन्री डेली हे एजंट होते. इंदूरचे राजकुमारांचे कॉलेज आजही त्यांचे नाव चालवीत आहे. बांधकाम खात्यातील एका हाताखालच्या नोकराची चित्रे या साहेबांच्या पाहण्यात आली व त्यांनी त्यास उत्तेजन दिले. त्यांच्याच ओळखीने व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचे समूहचित्र घेण्याची संधी दीनदयाळांना लाभली. आणि १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांचेही चित्र घेता आले.

राजाश्रय म्हटला की आपल्यापुढे थैली आणि शालजोडी उभी राहते. डेली साहेबांच्या आश्रयाचा खरा उपयोग निराळा होता. ज्याने व्हाइसरॉयचे चित्र घेतले त्यास कोणताही संस्थानिक दारातून परत पाठवीत नसे, आणि ज्या संस्थानात एक चित्र झाले तेथून शेजारच्या संस्थानासाठी पत्र मिळे. पैशापेक्षा असे पत्र अधिक मोलाचे. तथापि एवढे मिळूनही दीनदयाळांनी नोकरी सोडली नाही. पुढची कितीतरी वर्षे दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात काचा, असा क्रम चालला. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना हा कालखंड फारसा रंजक वाटत नाही. वस्तुतः सर्वांत शहाणपणाचा कालखंड हाच. हात पक्का होईपर्यंत आणि गिऱ्हाईक तयार होईपर्यंत घरची चूल सरकारच्या पगारावर पेटत राहिली.

डेली साहेबांनंतर एजंट झालेले सर लेपेल ग्रिफिन हे पुरातन इमारतींचे शौकीन होते. १८८२-८३ च्या सुमारास त्यांनी बुंदेलखंडच्या दौऱ्यावर दीनदयाळांना बरोबर नेले. ग्वाल्हेरचा किल्ला, ओरछा व दतिया येथील वाडे, खजुराहोची देवळे, सांचीचा स्तूप, अशी मध्य हिंदुस्थानातील स्थापत्याची दौलत या वर्षांत त्यांच्या काचांवर उतरली. पुढे १८८६ साली ग्रिफिन साहेबांनी मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध इमारतींवर एक मोठा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला, त्यातील चित्रे दीनदयाळांची होत. ती आज पाहिली तरी ड्राफ्ट्समनची नजर ओळखू येते. कॅमेरा अशा कोपऱ्यावर उभा केलेला असतो की इमारतीच्या दोन बाजू एकदम दिसाव्यात. आणि जवळ एखादा मनुष्य उभा केलेला असतो, तो शोभेसाठी तर खराच, पण दरवाजाची उंची किती हे त्याच्यावरून मोजता यावे म्हणूनही. उन्ह तिरपे असतानाची वेळ निवडलेली असते, कारण डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसते. एखाद्या इंजिनिअरने पडझड झालेल्या इमारतीची तपासणी करावी तशी ही चित्रे आहेत, आणि म्हणूनच ती कालांतराने पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस उपयोगी पडली.

या दौऱ्यानंतर निर्णयाची घटका आली. वय चाळिशीला टेकलेले, मागे कुटुंब, हाताशी मानाची जागा. त्या काळी एखाद्या हिंदी गृहस्थास सरकारी कचेरीत हेड ही पदवी मिळणे म्हणजे सात पिढ्यांचे सार्थक मानीत. ती सोडून तसबिरी काढीत गावोगाव हिंडावयाचे, हा विचार कोणत्याही वडीलधाऱ्यास वेडेपणाचाच वाटला असता. दीनदयाळांनी येथेही एस्टिमेटरचाच मार्ग पत्करला. त्यांनी एकदम राजीनामा दिला नाही. दोन वर्षांची दीर्घ रजा घेतली. या रजेत इमारतींच्या व संस्थानिकांच्या चित्रांचा संग्रह पुरा केला, त्याच्या प्रती विकून पाहिल्या, मागणी किती येते याचा अंदाज घेतला. मागणी भरपूर आली, तेव्हाच नोकरीतून ते निवृत्त झाले.

या संग्रहाचे अर्थशास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे. एखाद्या गृहस्थाची तसबीर काढली तर ती त्याच्या घरचेच लोक घेणार. दहाबारा प्रती गेल्या की काम संपले. परंतु ग्वाल्हेरच्या किल्ल्याची काच एकदा तयार झाली की तिच्या प्रती वर्षानुवर्षे निघतात. हिंदुस्थानात आलेला प्रत्येक साहेब परत जाताना चित्रांचा आल्बम घेऊन जाई, आणि त्यात कोणती इमारत हवी हे यादीतून क्रमांक सांगून ठरवी. अशा काचा म्हणजे घरबसल्या भाडे देणाऱ्या चाळीच. नोकरी सोडताना दीनदयाळांच्या गाठीस अशा काचांचे भांडवल होते. नुसत्या कौशल्याच्या भरवशावर नोकरी सोडणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांच्यात आणि यांच्यात हाच फरक.

दैवाचा हातही होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती सुचविली होती, आणि १८८० च्या आसपास अशा तयार काचा बाजारात मिळू लागल्या. आता काळा तंबू नको, ईथर नको, घाई नको. काच महिनोन् महिने पेटीत राहू शकते आणि चित्र घेतल्यावर सवडीने धुता येते. शिवाय ती ओल्या काचेपेक्षा पुष्कळ अधिक चपळ; हलत्या माणसांचे, घोड्यांचे, लष्करी कवायतींचे चित्र घेणे तिच्यामुळे शक्य झाले. जुन्या पेढ्यांना जी साधने बदलावी लागली ती दीनदयाळांना धंद्याच्या आरंभीच अनुकूल मिळाली.

१८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. त्याच सुमारास त्यांचा हैदराबादशी संबंध आला. सहावे निजाम मीर महबूब अली खान हे त्या वेळी विशीच्या आत-बाहेरचे तरुण राजे होते. शिकारीचे, पोशाखाचे व थाटाचे त्यांना मोठे वेड. दीनदयाळांनी आपले मुख्य ठाणे इंदुराहून हलवून सिकंदराबादेस नेले. ही जागाही विचारपूर्वक निवडलेली दिसते. एका बाजूस निजामाचा दरबार व त्याचे श्रीमंत अमीरउमराव, आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजांची मोठी लष्करी छावणी. उमरावांची कामे भपकेदार, पण त्यांच्या पैशास वेळेचे बंधन नाही. छावणीतील कॅप्टन व लेफ्टनंट यांची कामे लहान, पण बदलीचा हुकूम येण्यापूर्वी बिल चुकते व्हावयाचे. ज्या पेढीस अशी दोन्ही गिऱ्हाइके आहेत ती एकाच्या लहरीवर बुडत नाही. १८९४ साली निजामांनी त्यांना ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. लढाईत तलवार न उचललेल्या माणसास जंग ही पदवी केवळ कॅमेऱ्याच्या जोरावर मिळाली.

सिकंदराबादचा स्टुडिओ म्हणजे एकट्या कारागिराचे दुकान राहिले नव्हते, तो एक लहानसा कारखाना झाला होता. अशा स्टुडिओत छपराचा एक भाग काचेचा असे आणि पडदे ओढून उजेड कमीजास्त करीत. मागे रंगविलेला पडदा, त्यावर कमानी, बाग, जिना. पुढे नक्षीची खुर्ची. बसणाऱ्याच्या मानेमागे एक लोखंडी आधार लपविलेला असे, म्हणजे डोके हलू नये. जुन्या तसबिरींतील आपले आजे-पणजे एवढे गंभीर का दिसतात, याचे निम्मे उत्तर या लोखंडी आधारात आहे. चित्र घेणारा एक, काच धुणारा दुसरा, प्रती काढणारा तिसरा, त्या पुठ्ठ्यावर चिकटविणारा चौथा, अशी कामाची वाटणी असे. चेहऱ्यावरील देवीचे वण पेन्सिलीने काचेवर झाकणारा आणि मोठ्या प्रतींवर रंग चढविणारा चित्रकार हा तर महत्त्वाचा गडी. दीनदयाळांनी काचांवर अनुक्रमांक घालण्याची पद्धत कसोशीने पाळली. प्रतीच्या कोपऱ्यात तो आकडा उमटलेला दिसतो, आणि सव्वाशे वर्षांनंतर संशोधकांनी या चित्रांचा कालक्रम लावला तो पुष्कळ अंशी या आकड्यांच्या साह्याने. पुढे त्यांचे पुत्र ग्यानचंद व धरमचंद हेही धंद्यात आले, तेव्हा एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी पेढीच्या नावाने चित्रे घेतली जाऊ लागली. ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ असा शिक्का असलेले प्रत्येक चित्र स्वतः दीनदयाळांनी घेतले असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

१८९२ साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी एक जनाना स्टुडिओ उघडला. पडद्यातील स्त्रियांनी परक्या पुरुषापुढे बसावयाचे नाही हा रिवाज; तेव्हा श्रीमती केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे त्यांनी ते काम सोपविले, आणि भोवती उंच भिंती घालून आत पुरुषाची नजर पोहोचणार नाही अशी व्यवस्था केली. यास समाजसुधारणा म्हणावे की व्यापार? दोन्ही म्हणावे. ज्या घरांतील अर्ध्या माणसांची चित्रे कोणी काढू शकत नव्हता, त्या घरांचे दार त्यांनी रिवाजाला धक्का न लावता उघडले. या युक्तीत कल्पकता आहे आणि सभ्यताही आहे.

तथापि या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्याचे पोट दरबारावर आहे त्याच्या चित्रांत दरबारास जे पाहावेसे वाटते तेच येते. ऑस्ट्रियाचे राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड १८९३ साली हैदराबादेस आले, लॉर्ड कर्झन १९०२ साली आले. अशा वेळी मारलेला वाघ पुढे टाकून पाहुणे व यजमान बंदुका घेऊन बसलेले आहेत, अशी चित्रे या पेढीने घेतली आणि ती जगभर गेली. निजामाच्या राज्यात दुष्काळ पडला तेव्हा मदतकार्याचीही चित्रे तिने घेतली. त्यांत हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसविलेली आहेत आणि धान्य वाटणारे अधिकारी नीटनेटके उभे आहेत. चौकट निर्दोष, उजेड उत्तम; पण पाहणाऱ्याचे मन त्या व्यवस्थितपणानेच अस्वस्थ होते. वाड्याची चित्रे घेताना जी शिस्त गुण ठरली तीच येथे उणीव ठरते. याउलट वेरूळचे कैलास लेणे, दौलताबादचा किल्ला, औरंगाबादचा मकबरा यांची त्यांनी घेतलेली चित्रे पाहावीत; तेथे कोणाची खुशामत करावयाची नव्हती, आणि मराठवाड्यातील या वास्तूंचे त्या काळचे रूप आपल्याला त्यांच्यामुळे पाहावयास मिळते.

१८९६ साली दीनदयाळांनी मुंबईत मोठा थाटाचा स्टुडिओ उघडला. पारशी व गुजराती व्यापारी, वकील, डॉक्टर असा सधन नवा वर्ग येथे होता, आणि जहाजातून उतरणारा प्रत्येक प्रवासी प्रथम मुंबईच पाहत असे. हिशेब बरोबर होता. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला आणि लोक शहर सोडून पळू लागले. असे अंदाजपत्रक कोण करणार? पुढच्याच वर्षी, १८९७ साली, महाराणी व्हिक्टोरियांची छायाचित्रकार म्हणून सनद त्यांना मिळाली. बाह्यतः कीर्तीचा हा कळस होता. परंतु धंद्याच्या पायाखालची जमीन सरकू लागली होती. अमेरिकेत ईस्टमन यांनी १८८८ साली कोडॅक नावाचा हलका कॅमेरा काढला होता, आणि १९०० साली एक डॉलर किंमतीचा ब्राउनी कॅमेरा निघाला. किल्ल्याचे चित्र विकत घेणारा साहेब आता स्वतःच ते काढू लागला. छापखान्यात चित्रांचे ठसे होऊ लागले, चित्रांची टपालकार्डे काही पैशांना मिळू लागली. चाळीचे भाडे देणाऱ्या त्या काचांची मिळकत अशा रीतीने दरसाल घटू लागली, आणि तीन शहरांतील इमारती व माणसे यांचा खर्च मात्र होता तसाच राहिला.

दिल्लीच्या १९०३ सालच्या दरबाराची चित्रे हे पेढीचे अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक. १९०४ साली धरमचंद वारले. मुलामागोमाग ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळांचाही मुंबईत अंत झाला. मुंबईचा स्टुडिओ त्यांच्यानंतर फार काळ टिकला नाही. सिकंदराबादेस ग्यानचंद व त्यांचे वंशज यांनी काम चालू ठेवले, पण पूर्वीचे वैभव परत आले नाही. निजाम महबूब अली खान १९११ साली निवर्तले, आणि दरबारचा तो आश्रयही गेला.

काचा मात्र कुटुंबाने टाकून दिल्या नाहीत. निगेटिव्हच्या काचा खरवडून धुवाव्यात आणि खिडकीस किंवा तसबिरीच्या चौकटीस विकाव्यात, ही गत त्या काळी कित्येक नामांकित स्टुडिओंच्या काचांची झाली. सिकंदराबादच्या पेट्या वंशजांच्या घरी तशाच राहिल्या. त्यांपैकी २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ साली टपाल खात्याने दीनदयाळांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, आणि कला केंद्रातील काचांवरून नव्याने प्रती काढून त्यांची प्रदर्शनेही भरविण्यात आली. ज्या ग्वाल्हेरच्या वाड्यांसाठी एके काळी गाडीभर सामान न्यावे लागले, त्यांच्या काचा आता थंड, कोरड्या खोलीत, कागदाच्या पाकिटांत ओळीने उभ्या आहेत, आणि कोणती काच कोणत्या जागी हे आजही त्यांवर घातलेल्या क्रमांकांच्या साह्याने शोधता येते.